जादा कट मागायच्या आधी

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, 'डॉन ऑफ द डेड'ची एक्स्टेंडेड डिस्क मिळत्या. घेऊ का?"

"किती मिनिटांची?"

तिकडं गप्प. मग म्हणाला, "कव्हर लई भारी हाय."

मंगळवार पेठेत मी चौदा वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवली, १९९१ ते २००५. दिवसाला दहा रुपये भाडं, आणि कॅसेट रिवाइंड न करता आणली तर दोन रुपये जादा. आता टीव्ही आणि अँप्लिफायर दुरुस्त करतो, पण भयपटांचा नाद काही सुटला नाही. आपण कोल्हापूरची माणसं गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून, म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून घेऊन दूध पितो. मग हजारो रुपयांची डिस्क घेतानाच डोळे झाकून का घ्यायची? भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा पसरून लिहितोय. रक्तबंबाळ भयपटाच्या पुढच्या भागाची लांब आवृत्ती कशी निवडायची आणि घरी आणल्यावर कशी बघायची, एवढंच.

आधी कव्हरावरचे शब्द. मिसळ खाताना आपण 'जादा कट' मागतो तेव्हा वाटीत काय येणार हे आपल्याला माहीत असतं. डिस्कवरच्या 'कट'चं तसं नाही. 'अनरेटेड' लिहिलं असेल तर समजायचं ते असं: अमेरिकेत थेटरात लावायच्या आधी चित्रपटाला वयाचं रेटिंग घेतात. कायद्यानं सक्ती नाही, धंद्यानं आहे. सगळ्यात कडक रेटिंग पूर्वी 'एक्स' होतं, १९९० पासून 'एनसी-१७'. ते लागलं की बरीच थेटरं चित्रपट घेत नाहीत, म्हणून निर्माते आधीच थोडं थोडं कापून त्याच्या खालचं 'आर' रेटिंग मिळवतात. डिस्क काढताना ते कापलेलं परत जोडतात आणि पुन्हा रेटिंग घ्यायला जात नाहीत. त्यामुळं अनरेटेडमध्ये पुष्कळदा फरक सेकंदांचा असतो. सुरी आत जाताना कॅमेरा दुसरीकडं वळायचा, तो आता वळत नाही, इतकंच. पण रक्तासाठी डिस्क घेणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच.

'एक्स्टेंडेड' हा शब्द फक्त लांबी सांगतो. काय वाढवलं ते सांगत नाही. १९८६चा 'एलियन्स' घ्या. थेटरात १३७ मिनिटांचा होता, नंतर घरच्या व्हिडिओसाठी निघालेली आवृत्ती १५४ मिनिटांची. सतरा मिनिटं वाढली, पण त्यात रक्त जवळजवळ नाहीच. हल्ला व्हायच्या आधीची वस्ती, नायिकेच्या मुलीची बातमी, आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुका, असं सगळं. कापाकापीच्या आशेनं घेतलेल्या माणसाची निराशा होणार. गोष्टीत रमणाऱ्याला मात्र ती सतरा मिनिटं सोन्याची.

'डायरेक्टर्स कट' म्हणजे दिग्दर्शकाच्या मनाप्रमाणे. म्हणजे, तसं असायला पाहिजे. ते नेहमी तसं नसतं हे बघायला भाच्याचीच डिस्क चांगली.

जॉर्ज रोमेरोचा पहिला चित्रपट 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८चा, काळा-पांढरा. त्यात रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. काळ्या-पांढऱ्यात कोण बघतंय लाल आहे का तपकिरी! दहा वर्षांनी त्यानं पुढचा भाग काढला, तोच 'डॉन ऑफ द डेड', रंगीत, एका मॉलमध्ये अडकलेल्या चार माणसांचा. पहिल्यातलं एकही पात्र दुसऱ्यात नाही, फक्त उठलेली प्रेतं तीच. अमेरिकेत त्याला 'एक्स' लागणार हे दिसत होतं, म्हणून तो रेटिंग न घेताच लावला. म्हणजे या चित्रपटाची थेटरातली आवृत्तीच मुळात कापलेली नाही. मग लांब आवृत्तीत जादा काय असणार, हा प्रश्न घेणाऱ्यानं आधी स्वतःला विचारायचा.

याच्या तीन आवृत्त्या फिरतात. अमेरिकन थेटरची १२७ मिनिटांची. दारिओ अर्जेंटो या इटालियन दिग्दर्शकानं युरोपसाठी बसवलेली, साधारण ११९ मिनिटांची. आणि एक्स्टेंडेड म्हणतात ती, साधारण १३९ मिनिटांची. ही लांब आवृत्ती म्हणजे फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या फिल्म-बाजारात दाखवायला घाईघाईनं जुळवलेलं आधीचं संकलन. काही जुन्या डिस्कांवर तिलाच 'डायरेक्टर्स कट' छापलंय. पण रोमेरोची स्वतःची पसंती १२७ मिनिटांच्या आवृत्तीलाच होती. कव्हर काहीही म्हणो, दिग्दर्शकाच्या मनातली आवृत्ती तिन्हींतली मधली.

म्हणून लांब आवृत्ती घेऊ नये असं मी म्हणत नाही. सुरुवातीला हेलिकॉप्टरमध्ये इंधन भरायला पोलिसांच्या धक्क्यावर थांबतात, तो प्रसंग लांब आवृत्तीत चांगला पसरलाय. तिथं एक उर्मट अधिकारी आहे. त्याचा चेहरा नीट बघून ठेवा. जो पिलाटो नावाचा हा नट १९८५च्या पुढच्या भागात कॅप्टन ऱ्होड्स झाला, आणि भयपटांच्या इतिहासातल्या सगळ्यात ओंगळ मरणांपैकी एक त्याच्या वाट्याला आलं. मला तर त्या धक्क्यावरच्या दोन-चार मिनिटांसाठी बारा मिनिटांचा जादा कट परवडतो. भाच्याला परवडेल की नाही, त्याचं त्यानं ठरवावं.

तर पहिलं काम: कव्हर उलटं करा आणि मिनिटं वाचा. मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरात असतात. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा. पाठवायला तयार नसेल तर दुसरा विकणारा बघा.

पण मिनिटं वाचून लगेच उड्या मारू नका. इथं मी स्वतः तोंडावर पडलोय. २००८ साली मुंबईच्या एका माणसाकडून मी याच चित्रपटाची युरोपातली डीव्हीडी मागवली. मागं लिहिलं होतं १२२ मिनिटं. माझं डोकं फिरलं. १२७चा चित्रपट, पाच मिनिटं गायब! फोनवर त्याला नाही नाही ते बोललो, फसवलंस म्हणालो, डिस्क परत घ्यायला लावली. सहा महिन्यांनी हिशोब कळला तेव्हा पुन्हा फोन करायला तोंड राहिलं नव्हतं.

हिशोब असा. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. युरोपातली जुनी टीव्हीची पद्धत, म्हणजे पाल, सेकंदाला २५ चौकटींची. आपल्याकडंही तीच होती. पालवर फिल्म चढवताना सोपा मार्ग म्हणजे ती तेवढीच जोरात पळवायची. चित्रपट चार टक्के लवकर संपतो, आवाजही किंचित बारीक होतो, पण एकही चौकट कापलेली नसते. तेव्हा पाल डीव्हीडी असेल तर मूळ मिनिटांना २४ नं गुणा आणि २५ नं भागा. १२७ चे १२२ होतात. १३९ चे साधारण १३३. ११९ चे ११४. माझी डिस्क पूर्ण होती. अमेरिकन डीव्हीडीला हा हिशोब लागत नाही, आणि ब्लू-रे आणि फोर-केवर सहसा २४ चौकटीच असतात, त्यामुळं तिथं मिनिटं जशी लिहिली तशी धरायची. पाल डीव्हीडीवर १३३ दिसले तर ती लांब आवृत्तीच आहे, 'काहीतरी मधलीच' नाही.

कव्हर फाटलंय किंवा डिस्क सुटीच मिळालीय, तर कानानं ओळखता येतं. अर्जेंटोच्या आवृत्तीत गॉब्लिन या इटालियन बँडचं संगीत जवळजवळ सगळीकडं धडधडतं आणि विनोद बराच छाटलेला आहे. लांब आवृत्तीत त्यांच्याऐवजी विकत मिळणारं तयार संगीत जास्त ऐकू येतं. १२७वाल्यात दोन्ही मिसळलेलं. पहिली वीस मिनिटं डोळे मिटून ऐकलीत तरी चालेल.

एक गोष्ट पैसे मोजायच्या आधी बघायची: कापलेलं दृश्य खरोखर शिल्लक आहे का. 'फ्रायडे द थर्टींथ'च्या सातव्या भागाला, १९८८चा तो, अमेरिकेतल्या रेटिंगवाल्यांनी पार सोलून काढला होता. ते कापलेले तुकडे जे पुढं डिस्कवर आले ते संकलनाच्या कामाच्या व्हिडिओ कॅसेटवरचे, धुरकट. चित्रपटात परत जोडण्याच्या लायकीचे नाहीत, वेगळे बघायचे. याहून वाईट उदाहरण आपल्याच गावात आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की लोक हादरले आणि त्या दृश्याला कात्री लागली. त्याची एक्स्टेंडेड आवृत्ती कोण काढणार? चित्रपटच उरलेला नाही.

आता डिस्क लागेल का, ते बघू. डीव्हीडीला देशाप्रमाणे नंबर असतो: अमेरिका १, ब्रिटन २, भारत ५. ब्लू-रेला अक्षरं: अमेरिका ए, ब्रिटन बी, आपण सी. बरेच स्वस्त डीव्हीडी प्लेयर रिमोटवरून आकडे दाबून सगळे नंबर घेतात. ब्लू-रे प्लेयर इतके मवाळ नसतात. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर नंबर बदलायचा विचार असेल तर पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. फोर-केच्या डिस्कला ही भानगड नाही, कुठलीही कुठंही चालते. पण जपून: फोर-केच्या पेटीत बरोबर साधी ब्लू-रेही असते, आणि मुलाखती, कापलेली दृश्यं वगैरे मसाला पुष्कळदा तिच्यावर असतो. चित्रपट दिसेल, मसाला दिसणार नाही.

डिस्क आली. लगेच लावू नका, आधी टीव्हीकडं बघा. नव्या टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी एक सोय चालूच असते, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ती बंद करा. ती चालू असली की मॉलमधून डुलत येणारी प्रेतं संध्याकाळच्या मालिकेतल्या सासूसारखी चालतात. प्लेयरच्या सेटिंगमध्ये २४ चौकटींची सोय असते, ती चालू करा. चित्रातली रवाळ हालचाल म्हणजे फिल्मचा दाणा, तो काढायला 'नॉइज रिडक्शन' लावू नका, चेहरे मेणाचे होतात.

आणि लाल रंगाला हात लावायचा नाही. भाच्यानं पहिल्याच दिवशी तेच केलं. "मामा, टीव्हीचा रंग गेलाय, रगत पोस्टर कलरसारखं दिसतंय." मी म्हटलं, दिसूदे. टॉम सॅव्हिनी या मेकअपवाल्यानं बनवलेलं ते रक्त फिल्मवर भडक उतरलं. त्याला स्वतःला ते आवडलं नव्हतं, रोमेरोला मात्र चित्रकथेसारखं म्हणून चाललं. तुम्ही ते खरं दिसावं म्हणून रंग खाली घेतला तर माणसांची तोंडं निळी-करडी होतील, आणि मग जिवंत कोण आणि मेलेला कोण ते कळायचं नाही. ज्या घरात रविवारी तांबडा रस्सा होतो तिथं तरी लाल जास्त झालं म्हणून तक्रार नको.

आवाजाचं वेगळंच. चांगल्या डिस्कवर कुजबुज फार हळू आणि किंकाळी फार मोठी असते. कुजबुज ऐकायला आवाज वाढवता, आणि मग चाळ उठते. प्लेयरमध्ये किंवा साउंडबारमध्ये नाइट मोड असतो, तो दोन्हींतलं अंतर कमी करतो. शौकीन लोक नाक मुरडतात. आमच्या भिंतीपलीकडं एक आजी राहतात, त्यामुळं मी मुरडत नाही. एकदा विसरलो, तर सकाळी दारात उभ्या: "रात्री कुणाचा मुडदा पाडलासा?"

जुन्या प्लेयरवर मध्येच क्षणभर चित्र थांबलं तर डिस्क खराब म्हणून परत करायला धावू नका. काही डिस्कांवर दोन आवृत्त्या वेगवेगळ्या नसतात. समान भाग एकदाच साठवलेला असतो आणि लांब आवृत्ती निवडली की प्लेयर उडी मारून जादा तुकडा वाचून परत येतो. त्या उडीला जुना प्लेयर अडखळतो. उलट तीच खूण: जिथं अडखळला तिथंच जोड आहे. पुष्कळदा तिथून रंग किंचित बदलतो, दाणा जाड होतो, मागचं संगीत कापल्यासारखं तुटतं. मी शेजारी वही ठेवतो आणि वेळ लिहितो. लायब्ररीच्या काळात कॅसेटच्या डबीत गिऱ्हाइकांसाठी चिठ्ठी टाकायचो, तीच सवय.

कुठली आधी बघायची? आधी छोटी, थेटरवाली. निदान आठवड्याचं अंतर ठेवून मग लांब. एकापाठोपाठ बघितल्या तर फरक दिसत नाही, नुसतं लांबल्यासारखं वाटतं. भाचा आला त्या रात्री आम्ही १२७वालीच लावली. लिफ्टचं दार उघडलं तेवढ्यात बायको उठली, "मी झोपतो. किती वेळ चालायचंय हे?" म्हटलं दोन तास सात मिनिटं. "आणि ती दुसरी?" तिला मिनिटं सांगितली नाहीत.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो, कारण भाच्याच्या डोक्यात तेही होतं. मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून पोरांना दाखवू म्हणत होता. ते करायचं नाही. चार माणसं घरात बसून बघतात ते वेगळं. सार्वजनिक दाखवायचं तर १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते त्या ठरावीक आवृत्तीचं असतं. थेटरवालीला मिळालेलं प्रमाणपत्र जादा दृश्यं जोडलेल्या आवृत्तीला चालत नाही. शिवाय मंडळात सातवी-आठवीतली पोरं पुढच्या रांगेत येऊन बसतात. अठराच्या खालच्याला हा प्रकार दाखवू नये, इतकं तर कळायला पाहिजे.

राहिलं डिस्क सांभाळणं. बोटाचे डाग पुसायचे तर मऊ सुती कापडानं, मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ. गोल गोल फिरवून नाही. टूथपेस्ट घासून ओरखडा काढायचा उपाय डीव्हीडीवर कधी कधी लागू पडतो, कारण तिचा माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो. ब्लू-रेचा थर फक्त ०.१ मिलिमीटर आत. वरचं कवच टणक असतं, पण घासून ते गेलं की डिस्क गेली.

लायब्ररी बंद केल्यावर माझ्या कॅसेटी आणि डिस्का बहिणीच्या घरी होत्या, शाहूपुरीत कुंभार गल्लीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत शिरलं आणि काही दिवस राहिलं. कॅसेटी फुगल्या, टेपला बुरशी आली, तीन पोती भरून टाकून दिल्या. कव्हरांचा लगदा झाला. डिस्का मात्र भाच्यानं आणि मी अंगणात बसून धुतल्या: साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, घासायचं नाही, वाळू-चिखल पाण्याच्या धारेनंच जाऊ द्यायचा, मग उभ्या करून सावलीत वाळवायच्या. एकशे चाळीसच्या आसपास होत्या. चार-पाच सोडल्या तर सगळ्या चालल्या. कुठली कशाची ते कळायला प्रत्येक लावून बघावी लागली, तेव्हाच भाच्याला हा नाद लागला.

नव्या डिस्कांसाठी तो आता भिंतीवर फळी ठोकणार आहे. पाण्याची रेघ त्या भिंतीवर रंगाखालून अजून दिसते, माझ्या छातीला लागते. फळी तिच्यावर दोन हात तरी ठोक म्हटलंय. कव्हरं आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत, नाहीतर त्याची आई पावसाळ्यात त्यावर पापड वाळत घालते.